कापडाचे इन्स्पेक्टर

कोल्हापुरात मंगळवार पेठेत भाड्यानं खोली मिळणं त्या काळी फारसं अवघड नव्हतं. अवघड होतं ते घरमालकांच्या प्रश्नांना तोंड देणं. गाव कुठलं, पगार किती, लग्न झालंय का, झालं नसेल तर कशानं अडलंय, पाहुणेरावळे येतात का आणि आलेच तर किती दिवस राहतात. मी साताऱ्याकडून नोकरीला आलेला एकटा माणूस. सगळी उत्तरं तोंडपाठ करून त्या घराच्या पायरीवर उभा राहिलो. दार उघडलं ते एका उंच, सडपातळ, बारीक कातरलेल्या मिशांच्या गृहस्थांनी. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. माझ्या सदऱ्याची बाही चिमटीत धरून अंगठ्यानं चोळली, मग वाकून खालच्या शिवणीतून एक दोरा उपसला, खिशातून काडेपेटी काढली आणि माझ्या डोळ्यांदेखत तो दोरा पेटवला. धूर हुंगला. राख बोटांत चुरडून बघितली.

"सुती हाय," ते आत तोंड करून ओरडले. "ऱ्हाऊ दे ह्येला."

"आवं, नाव तरी इचारा की त्येचं!" आतून बाईंचा आवाज आला.

"नाव जाळून बघता येतंय व्हय?"

अशी माझी त्या घरात सोय झाली. पुढं कळलं की माझ्या आधी एक बँकेतला माणूस येऊन गेला होता. पगार चांगला, घराणं चांगलं, पण अंगात टेरिलिनचा बुशशर्ट. त्याच्या दोऱ्याची जळून काळी कडक गोळी झाली, आणि खोली मला मिळाली.

सगळी पेठ त्यांना इन्स्पेक्टर म्हणायची. नवा माणूस त्यांना पोलिसातले समजायचा. माझ्यासमोर एकदा एक बाई सायकल चोरीला गेल्याची तक्रार घेऊन आली होती. इन्स्पेक्टरांनी ती शांतपणे ऐकून घेतली, तिच्या लुगड्याचा काठ बघितला, "रंग जाणार ह्येचा, मिठाच्या पाण्यात घाला," असं सांगितलं आणि मग पोलीस चौकीचा रस्ता दाखवला. खरं तर ते लष्कराच्या कापडखात्यात होते. गिरण्यांतून तागेच्या तागे यायचे. ते उलगडायचे, उजेडाला धरायचे, ताणायचे, भिजवायचे आणि पास किंवा नापास असा शिक्का मारायचा, एवढंच त्यांनी सगळी नोकरीभर केलं. निवृत्त होऊन कोल्हापूरला परत आले तेव्हा शिक्का तिकडंच राहिला, पण हात थांबेना.

त्यामुळे त्यांच्याशी बोलताना माणसाला कायम आपल्या बाहीची काळजी असे. ते नमस्कार करत नसत, कापड चोळत. "काय म्हणता इन्स्पेक्टर?" असं कुणी विचारलं की "पॉपलिन हाय, पर धुऊन धुऊन जीव गेलाय त्येचा," असं उत्तर येई. पुतणीच्या लग्नात त्यांनी मंगलाष्टका चालू असताना नवऱ्यामुलाच्या कोटाचा दोरा काढला आणि मांडवातच काडी ओढली. व्याही बिघडले. बिघडणारच. इन्स्पेक्टरांचं म्हणणं एवढंच, की लोकर सांगून मिसळणीचा कोट शिवणारा माणूस पोरीला काय सुख देणार? ते जोडपं पुढं मजेत राहिलं ही गोष्ट वेगळी. त्यानंतर नातेवाईक पत्रिका मावशींच्या नावानं पाठवू लागले.

मावशी म्हणजे त्यांच्या पत्नी. बुटक्या, गोल, खणखणीत आवाजाच्या. "ह्यांनी मला पसंत केली न्हाय," त्या मला सांगत, "माझ्या लुगड्याला पसंत केलं. माझ्या आईनं शेजारणीचं मागून नेसवलं हुतं." हे त्या इन्स्पेक्टरांच्या देखत सांगत, आणि ते मिशीतल्या मिशीत हसत. मला त्या घरात राहावंसं वाटलं ते बरंचसं या हसण्यामुळे.

मी एका साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये कारकून होतो. कारखान्याचं नाव सांगत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून आहेत आणि जिथं आहेत तिथं बोलायला मोकळी आहेत. आमच्या चेअरमननी एका दौऱ्यात कुठल्याशा मोठ्या कारखान्याचे पहारेकरी बघितले. ते कडक गणवेशात, बूट आपटून सलाम ठोकत होते. चेअरमन परत आले ते ठरवूनच.

"आपली मानसं गेटावर उबी ऱ्हायली की लग्नाला आल्यालं पावणं वाटत्यात," ते म्हणाले. "मिलिटरीवानी कापडं पायजेत. रानात, शिवारात, उन्हापावसात टिकतील अशी."

कापडाचे नमुने मागवायचं काम स्टोअरकडं आलं. मी बोलून गेलो की माझे घरमालक लष्कराचं कापड तपासायचे. चेअरमन खूष झाले. "मग आनखी कुनाला कशाला इचारायचं? त्येंनाच निवडाय सांगा."

संध्याकाळी मी हा निरोप दिला तेव्हा इन्स्पेक्टर अंगणात दोरीवर सुकत घातलेल्या पंच्याचा पोत बघत होते. त्यांचा हात थांबला.

"काय म्हनला चेअरमन? तपासा म्हनला का निवडा म्हनला?"

"निवडा म्हणाले."

ते पायरीवर बसले. म्हणाले, "सगळी नोकरी दुसऱ्यानं निवडल्यालं कापड तपासण्यात गेली बघ. ह्यो माल बराय का वाईट, एवढंच बोलायचं. जवानाच्या अंगावर काय असावं, हे मला कुनी कधी इचारलं न्हाय. एकदा माझ्या मनानं एक कापड निवडून चार मानसांच्या अंगावर बघावं, असं लई वाटायचं." मग एकदम उठून त्यांनी मला विचारलं, "कारखाना नमुना किती वार देतोय?"

त्यानंतरचा महिना त्या घरात जो राहिला त्यानं काय काय बघितलं ते त्यालाच माहीत. नमुन्यांच्या घड्या आल्या. साधं खाकी, जीन, गॅबर्डीन, तिरप्या विणीचं जाड सुती ड्रिल, आणि तेव्हा नव्यानं बोकाळलेलं, सुतात टेरिलिन मिसळलेलं टेरिकॉट. कारखान्याच्या मॅनेजरांचा ओढा टेरिकॉटकडं होता. इस्त्री मोडत नाही, धुतलं की तासात वाळतं, आणि चमकतं. इन्स्पेक्टरांना त्याचं नाव काढलं तरी पित्त व्हायचं, पण माणूस न्यायाचा. "तपासल्याबिगर नापास करायचं न्हाय," म्हणाले.

आधी सगळ्या नमुन्यांवर तांबडा रस्सा ओतला गेला. पहारेकरी काय फक्त गेटवर उभा राहतो का, जेवतोही, असा त्यामागचा विचार. मावशींनी पळी हातात घेऊन सुनावलं, "रस्सा पोटात घालायचा असतोय, कापडावर न्हाय!" पण रविवारचा अर्धा टोप कापडांनी खाल्ला. मग ते शेजारच्या तालमीत गेले आणि दोन पैलवानांना नमुन्याची दोन टोकं धरून ओढायला लावली. गॅबर्डीन फाटलं, जीन टरकलं. ड्रिल काही फाटेना. शेवटी एकाच्या हातून टोक सुटलं आणि दुसरा तांबड्या मातीत बदकन बसला. तालमीत हशा पिकला. इन्स्पेक्टर हसले नाहीत. त्यांनी आधी ड्रिल उजेडाला धरून बघितलं, मग त्या पैलवानाला उठवलं.

पण ज्या गोष्टीमुळे ते गावात गाजले ती म्हणजे त्यांची पँट. डावा पाय ड्रिलचा, उजवा टेरिकॉटचा. गल्लीतला शिंपी शिवायलाच तयार नव्हता. "इन्स्पेक्टर, लोक म्हनतील ह्येला माप घेताना झोप लागलीती." शेवटी पँट कुणी शिवली हे सांगायचं नाही या बोलीवर त्यानं ती शिवली. ती घालून इन्स्पेक्टर भर उन्हात रंकाळ्याला फेऱ्या मारू लागले. लोक थांबून बघायचे. कुणीतरी विचारलंच, "काय वो इन्स्पेक्टर, कापड कमी पडलं?" त्यांनी त्यालाच धरून बसवलं आणि "आता सांग, कुठल्या पायाला जास्ती घाम?" म्हणून दोन्ही पायांना हात लावायला लावला. त्या माणसानं परत कधी तो रस्ता धरला नाही.

मग ती पँट घालून ते ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या उसात शिरले. ऊस माहीत असलेल्या माणसाला सांगायला नको की त्याचा पाला काय चीज असते. कडेला करवतीसारखे दात आणि अंगभर कुसळ. बाहेर आले तेव्हा उजव्या पायाच्या दशा निघाल्या होत्या आणि आत कातडं लाल झालं होतं. डाव्या पायाला काहीही झालं नव्हतं. डाव्या पायाचं त्यांचं कौतुक बघून मावशी म्हणाल्या, "आता दुसऱ्या पायाला सवत आल्यावानी वाटत आसंल."

ड्रिल ठरलं. इन्स्पेक्टरांनी कारखान्यात येऊन सगळ्यांना समजावून दिलं. मॅनेजरांनी टेरिकॉटची बाजू थोडी लावून धरली, पण चेअरमन म्हणाले, "मिलिटरीच्या मानसानं सांगितलंय, म्हंजे झालं." गणवेश शिवून आले आणि वाटले गेले. त्या दिवशी इन्स्पेक्टरांनी मला घरी पेढा दिला. मला त्यांच्याकडं बघूनच बरं वाटलं.

आणि महिनाभरात घोटाळा झाला.

पहारेकरी गणवेश घालून येईनात. खाली धोतर किंवा जुना पायजमा, वर कारखान्याचा पट्टा आणि टोपी, अशा थाटात गेटवर उभे. विचारलं की "धुवाय टाकलाय". रोजच धुवायला टाकलाय. मॅनेजरांच्या कानावर कुणीतरी घातलं की यांनी गणवेश बाजारात विकले. मॅनेजर भडकले. ऊसगाळपाच्या हंगामाच्या मोळीपूजनाला मोठे पाहुणे येणार होते. त्यांनी बजावलं, "त्याआधी गणवेशाचा खुलासा झाला नाही तर एकालाही कामावर ठेवणार नाही. कारखान्याचा माल विकणं ही चोरी आहे." ती सगळी आसपासच्या खेड्यांतली माणसं. थोडीफार जमीन, खाणारी तोंडं जास्त, आणि घरातला एकच पगार.

मी हे घरी सांगितलं तेव्हा इन्स्पेक्टरांच्या मनात नोकऱ्यांचा विचार आला नाही. त्यांना वाटलं, कापडानं दगा दिला. "आटलं आसंल," ते म्हणाले. "न्हायतर शिवण चुकली. मला बघाय पायजे." दुसऱ्याच दिवशी आम्ही पहारेकऱ्यांच्या नाईकाच्या गावाला एसटीनं गेलो. नाईक ड्यूटीवर होता. घरच्यांनी सांगितलं की म्हातारा रानात पाणी पाजतोय, त्याला विचारा.

बांधावरून चालताना मला लांबून खाकी दिसलं. इन्स्पेक्टरांना माझ्याआधी दिसलं असावं, कारण ते एकदम बूट-मोज्यांसकट चिखलात उतरले. उसाच्या सरीत एक वाकलेला म्हातारा फावडं घेऊन उभा होता. अंगात गंजीफ्रॉक, डोक्याला मुंडासं आणि कमरेला कारखान्याची ड्रिलची पँट, घोट्यावर दुमडलेली. इन्स्पेक्टरांनी वाकून त्याचा गुडघाच धरला.

"ओ पावणं!" म्हातारा दचकून ओरडला. "सोडा की पाय! कोन तुमी?"

"ही पँट कशी काय तुमच्याकडं?"

"पोराची हाय. कारखान्यानं दिलीया."

"मग ती तुमी का घातली?"

म्हाताऱ्यानं आमच्याकडं असं बघितलं, की आमचीच त्याला कीव आली असावी. पँटचा पाय वर करून त्यानं नडगी दाखवली. तिच्यावर जुने वळ होते, एकावर एक, पांढरे पडलेले. "जलम गेला ह्या पाल्यात. दर साली पाय सोलून निगायचं. ह्या सालाला काय न्हाय बगा. आत कुसळ सुदिक जात न्हाय." मग तो फावड्यावर रेलला. "पोरगं गेटावर नुसतं उबं ऱ्हातंय. तितं कुठला आलाय पाला? आसलं कापड नुसतं उबं ऱ्हाण्यात घालवायचं व्हय?"

इन्स्पेक्टरांनी त्याच्या पँटचा वर केलेला पाय हळूच खाली केला. मलाही त्या क्षणी सगळं उमगलं. या माणसानं कापडाला रश्श्यात बुडवलं, उन्हात हिंडवलं, उसात घातलं, पैलवानांकडून ओढवलं. फक्त पहारेकरी दिवसभर काय करतो हे कुणाला विचारायचं राहिलं. त्यांच्या डोळ्यांपुढं पलटण होती. पहारेकऱ्यांनी मात्र कापड हातात घेताक्षणी ओळखलं की हे रानाचं आहे, आणि ते रानात पोचतं केलं. बाप, भाऊ, चुलता, ज्याचे पाय उसात त्याला पँट.

नाईक घरी आला तो आम्हाला बघून पांढराफटक पडला. "सायेब, चूक झाली. पर इकलं न्हाय वो कुनी. सगळ्यांच्या घरातच हाय. आता काढून घेऊ व्हय म्हाताऱ्याकडनं?" विकली नसली तरी कारखान्याची वस्तू घरच्या कामाला दिली, हे मॅनेजरांच्या लेखी तेच होतं. इन्स्पेक्टर त्याला एवढंच म्हणाले, "म्हाताऱ्याला म्हनावं, उलटी करून वाळव. रंग टिकतोय."

परतताना एसटीत ते खिडकीबाहेर बघत होते. कागलचा फाटा गेला तेव्हा म्हणाले, "गुडघा बघितलास? चिखलात रोज बसतोय तरी पोत तसाच हाय." त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मला त्यांच्यासाठी भीतीच वाटली. सोमवारी त्यांना मॅनेजरांपुढं उभं राहायचं होतं, आणि तिथं दोनच गोष्टी बोलता येत होत्या. खरं सांगितलं तर पहारेकरी जाणार. कापड वाईट होतं, अंगावर सोसवत नव्हतं म्हणून कुणी घातलं नाही, असं सांगितलं तर पहारेकरी वाचणार. पण हा माणूस उभ्या आयुष्यात कापडाविषयी खोटं बोलला नव्हता. आणि हे कापड तर त्यांनी स्वतः निवडलेलं, एकुलतं एक.

"दोन दिस झालं," मावशी मला हळूच म्हणाल्या, "कुनाच्या बाहीला हात लावला न्हाय त्येंनी. आजारी हाईत का वो?" मी सांगितलं की आजारी नाहीत.

सोमवारी मॅनेजरांच्या टेबलापुढं इन्स्पेक्टर ताठ उभे राहिले. बसा म्हटलं तरी बसले नाहीत. चेअरमनही होते.

"गणवेशाचं काय झालं ते कळलं का?" मॅनेजरांनी विचारलं.

"कळलं. कापड नापास हाय."

मॅनेजर चमकले. "नापास? काय दोष आहे त्यात?"

इथं इन्स्पेक्टर अडले. दोष त्यांना सुचेना. त्या कापडात तो नव्हताच, तर सुचणार कुठून? मी बाजूला उभा राहून मनात धावा करत होतो. घाम आला त्यांना. मग ते एकदम म्हणाले, "खाजतंय."

"खाजतं? सुती कापड खाजतं?"

"ह्ये खाजतंय. अंगाची आग हुती. कुनाच्यानं घालवायचं न्हाय. पोरांनी तोंड दाबून सोसलं, साहेबांना कसं सांगायचं म्हनून." आणि पुरावा म्हणून त्यांनी स्वतःचा दंड खाजवायला सुरुवात केली. ते इतकं वाईट नाटक होतं की चेअरमननी तोंडापुढं हात धरला.

"मग तुम्ही ते पसंत कसं केलंत?" मॅनेजरांनी विचारलं. "एवढं तपासलंत, दोन पायांना दोन कापडांची पँट घालून गावभर हिंडलात म्हणे. आणि अंगाला खाजतं हे कळलं नाही? लष्करात हेच करत होता का?"

इन्स्पेक्टरांचा हात दंडावरच थांबला. मला वाटलं, आता यांचा तोल जाणार. पण ते म्हणाले, "चुकलं माझं." आणि पुन्हा खाजवू लागले.

पहारेकऱ्यांवरचं बालंट टळलं. टेरिकॉट आलं. मोळीपूजनाला सगळे चमकत उभे होते, आणि खरं सांगायचं तर छान दिसत होते. जुन्या गणवेशांचं काय करायचं असं मी विचारलं, तेव्हा मॅनेजर म्हणाले, "करा काय करायचं ते. घरी फरशी पुसा म्हणावं." म्हणजे म्हाताऱ्यांचे पायही वाचले. इन्स्पेक्टरांना मात्र कारखान्यानं पुन्हा कधी बोलावलं नाही. पेठेत बातमी पोचायला वेळ लागला नाही, आणि "काय इन्स्पेक्टर, खाज कशी हाय?" असं लोक विचारू लागले. ते ऐकून घेत. त्यांच्यासाठी मला फार वाईट वाटे. खरं काय ते ओरडून सांगावंसं वाटे, पण ते सांगता येत नव्हतं.

पुढं एका रविवारी सकाळी मी आंघोळ करून बाहेर आलो तर गल्लीत पहारेकरी उभे. सगळेच्या सगळे, ड्रिलच्या गणवेशात. नाईकाच्या पँटला गुडघ्याखाली पाण्याचा पिवळा डाग होता. एकाच्या पँटचे पाय भावाच्या मापानं आखूड केलेले, ते नडगीवर आले होते. एका शर्टाला शेणाचा वास येत होता. पण सगळं धुतलेलं होतं, तांब्यात निखारे घालून इस्त्री केलेलं होतं, आणि तो गणवेश एकत्र, माणसांच्या अंगावर, त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी बघत होतं.

इन्स्पेक्टर दारात आले आणि चौकट धरून उभे राहिले.

"म्हनलं, तुमास्नी एकदा तरी अंगावर घालून दावावं," नाईक म्हणाला. मग त्यानं हातातली गुळाची ढेप पायरीवर ठेवली आणि सगळ्यांना सावधान केलं.

इन्स्पेक्टर खाली उतरले. रांगेच्या एका टोकापासून चालू लागले. प्रत्येकापुढं थांबून बाही चिमटीत धरायचे, अंगठ्यानं चोळायचे, खांद्याची शिवण सारखी करायचे आणि पुढं जायचे. आजूबाजूच्या खिडक्यांतून लोक बघायला लागले होते. मला रडू फुटेल असं वाटलं, म्हणून मी ढेप उचलून आत नेली आणि परत आलो.

रांग संपली.

"जावा आता घरला," ते नाईकाला दबक्या आवाजात म्हणाले. "कारखान्यातलं कुनी बघितलं तर मी खोटा पडंन. खाजतंय म्हनून सांगितलंय मी, आणि तुमच्यातलं एक बी खाजवंना."

पहारेकरी एकमेकांकडं बघू लागले.

"आवं, च्या तरी घेऊ द्या की त्येंना!" मावशी दारातून ओरडल्या.

"मग आत या सगळी," इन्स्पेक्टर म्हणाले, "आणि दार लावून घ्या."